इन्सुलिनपुरतं ऊन

माझ्या गाडीच्या छतावर तंबू आहे आणि तंबूच्या छतावर सोलर पॅनल. गेल्या उन्हाळ्यात जळगावातल्या आमच्या कॉलनीत हे मला इतक्यांदा सांगावं लागलं, की पुढे पुढे समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच माझं डोकं फिरायचं. एक जण म्हणाला, वरातीसाठी का? दुसरा म्हणाला, निवडणुकीला उभ्या राहताय का? दूधवाल्यानं तर परस्पर ठरवूनच टाकलं होतं की मी आता चौकात उसाच्या रसाची गाडी लावणार. मी त्याला म्हटलं, "हो, पहिला ग्लास तुलाच पाजते, ये."

कारण साधं होतं. पाइपांच्या कारखान्यातली माझी नोकरी संपली होती. मला साक्रीच्या पुढे, डोंगराकडच्या गावांत जाऊन राहायचं होतं, एकटीनं, मनाला येईल तितके दिवस. लॉजवर नाही, कुणा ओळखीच्याच्या घरी तर मुळीच नाही. आणि मला इन्सुलिन लागतं, अगदी तरुणपणापासून. त्या सुईपायी फारशी स्थळं आली नाहीत आणि जी आली ती मी पळवून लावली. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. आमच्याकडे वैशाखात नळाचं पाणीसुद्धा चहाला चालेल असं येतं, तिथं उघड्या माळावर औषध थंड कसं ठेवायचं? गाडीत छोटा फ्रिज, फ्रिजला बॅटरी, बॅटरीला पॅनल. एवढीच ती गोष्ट.

राहते मी भावाच्या घरात. घर वडिलांचं, म्हणजे माझंही, पण बोलताना सगळे भावाचं घर म्हणतात आणि मीही म्हणते. भाऊ माझ्याहून मोठा. डाळमिलमध्ये मॅनेजर होता. मशीनच्या आवाजावर ओरडायची सवय लागली आणि मिल सुटली तरी ती सुटली नाही. मीठ कमी पडलं तरी ओरडणार, जास्त पडलं तरी ओरडणार. दोनदा त्यानं भरलं ताट भिंतीवर मारलेलं मी पाहिलंय. वहिनी शिंदखेड्याकडच्या खेड्यातली, माझ्याशी अहिराणीत बोलते, त्याच्याशी जवळजवळ बोलतच नाही. ती डाग पुसायची, दुसरं ताट वाढायची. मला भावाचा राग यायचा तसा तिचाही यायचा. इतकं मुकाट्यानं ऐकून घेणारं माणूस माझ्या डोक्यातच जातं. भाऊ तिला बोलायला लागला की मी मध्ये पडायचे आणि त्याला त्याच्याच आवाजात उत्तर द्यायचे. तिच्या कळवळ्यानं नाही हं. जेवताना मला आरडाओरड सहन होत नाही, माझी स्वतःची सोडून.

तंबू मी नाशिकच्या एका जोडप्याकडून जुना घेतला. दिसायला गाडीच्या टपावर ठेवलेली मोठी चपटी पेटी. खटके उघडले की आतल्या गॅसच्या दांड्या कडक झाकण वर ढकलतात, शिडी लावून चढलं की आत गादी, खिडक्या, सगळं. गाडी अंगणात येऊन उभी राहिली त्या दिवशी भाऊ तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"यात झोपणार तू?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बोलावलेलं नाही."

मग चोर झाले, साप झाले, बिबट्या झाला. शेवटी त्याला हवं ते सापडलं. "गरम झालेलं इन्सुलिन टोचून घेशील आणि पडशील तिथंच. उचलायला कोण येणार? मीच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडे उत्तर नाही हे त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, त्या समाधानामुळे मी पॅनल आणलं. फिरायची हौस नंतरची.

बसवायला शेतातल्या पंपांना पॅनल लावणारा एक फिटर बोलावला. हा माणूस गाडी माझी, पैसे माझे, तरी प्रत्येक प्रश्न भावाला विचारत होता. "भाऊ, वायर कुठून काढू?" भाऊही मोठ्या थाटात बोट दाखवत होता. दुसऱ्या दिवशी फिटर लोखंडी अँगलचं तिरपं स्टँड घेऊन आला. शेतात पॅनल दक्षिणेकडे तोंड करून तिरपं बसवतात, म्हणून यानं गाडीवरही तसंच केलं.

मी म्हटलं, "अहो, गाडी वळली की दक्षिण कुठे जाईल?"

त्यानं विचार केला. खरोखर केला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडी लावताना तोंड दक्षिणेलाच करायचं."

"आणि चालवताना?"

"चालवताना काय, मग चार्जिंग थोडं कमी मिळेल."

आणि भाऊ मान हलवत होता! हे स्टँड गाडीवर चढवलं असतं तर हायवेच्या वाऱ्यानं पारोळ्याच्या आतच उडवलं असतं. मी ते राग गिळून सांगितलं. तेवढ्यात त्यानं ड्रिल काढलं आणि तंबूच्या झाकणाला चार भोकं पाडायला निघाला. वरून सिलिकॉन मारतो म्हणाला. तेव्हा मात्र मी गिळलेला सगळा राग बाहेर आला. स्टँडसकट त्याला फाटकाबाहेर काढलं.

"कामाचा माणूस हाकललास," भाऊ म्हणाला. "आता बसव तूच."

बसवलं मीच. झाकणाच्या दोन्ही कडांना अ‍ॅल्युमिनियमची खाच असते. तिच्यात सरकवून बोल्ट घातले, बोल्टांवर दोन आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर पॅनल, सपाट. खालून वारा खेळावा म्हणून मधे चार बोटं जागा ठेवली, कारण पॅनललाही ऊन लागतं आणि फार तापलं की ते कमी काम करतं. पट्टीखाली जुन्या ट्यूबचं रबर कापून घातलं. एकही भोक पाडलं नाही. मग झाकण उघडायला गेले तर पॅनलच्या वजनानं गॅसच्या दांड्यांनी मान टाकली. झाकण अर्ध्यावर आलं आणि माझ्या मनगटावर आपटलं. हात काळानिळा झाला. भाऊ ओट्यावरून बघत होता. हसला फक्त. मी गावात जाऊन जास्त ताकदीच्या दांड्या आणल्या, बदलल्या. वायर मागच्या बाजूनं आणली आणि झाकण उघडताना ताण पडू नये म्हणून तिला भरपूर ढील दिली. मागच्या सीटखाली बॅटरी, तिच्या शेजारी चार्जिंग सांभाळणारा डबा, आणि मग फ्रिज. शेवटी वरून पाण्याचा पाइप सोडला आणि गाडी एमआयडीसीतल्या खड्ड्यांतून दणकून फिरवून आणली. एक बोल्ट हलला नाही.

चाचणी हे माझं कामच होतं. कारखान्यात मी आयुष्यभर पाइपात पाणी भरून तो फुटेपर्यंत दाब वाढवत बसले. म्हणून त्या रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "अक्षय्य तृतीया होऊन जाऊ दे. तोवर हा फ्रिज अंगणात चालव, घरची लाइट न लावता. एकदा जरी गरम झाला तर गाडी विकायची, आणि पुन्हा विषय काढायचा नाही," तेव्हा मी ताबडतोब "लागली शर्त" म्हणून मोकळी झाले. माझ्या गाडीची शर्त त्यानं का लावावी, हे मला हात धुताना सुचलं. पण चाचणीला नाही म्हणणं मला जमतच नाही.

फ्रिजमध्ये मी थर्मामीटर ठेवलं, सगळ्यात जास्त गरम किती झालं ते लक्षात ठेवणारं. इन्सुलिनच्या जागी पाण्याच्या बाटल्या. गाडी कडुलिंबाच्या सावलीपासून दूर, उन्हात. सुरुवातीला सगळं फक्कड चाललं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत बाटल्यांना दव सुटत होतं. मी मुद्दाम एक बाटली आणून भावाच्या समोर ठेवायचे. तो तिला हात लावायचा नाही.

मग एका संध्याकाळी फ्रिज बंद पडलेला. बाटल्या कोमट. बॅटरी पार उतरलेली.

भावानं थर्मामीटर स्वतः हातात घेऊन चष्मा लावून वाचलं. "झालं," म्हणाला. त्याच संध्याकाळी त्यानं जुन्या गाड्यांच्या एका दलालाला फोनही लावला. तो मिटक्या मारत बोलत होता आणि मी गाडीखाली पडून एकेक जोड तपासत होते. फ्यूज ठीक. जोड ठीक. बॅटरी नवी. कुठेच काही चुकलेलं नव्हतं, आणि चुकलेलं सापडत नाही याच्याइतका संताप मला दुसऱ्या कशाचाही येत नाही.

सकाळी पॅनल पुसायला वर चढले. तिरप्या उजेडात काचेवर फिकट वर्तुळं दिसली, एकाला एक लागून, पुरीएवढी. धुळीची असती तर बोटानं गेली असती. मी बोट ओलं करून घासलं आणि चाटलं. मीठ. लसूण. ज्वारी.

बिबड्या! ज्वारीचं पीठ शिजवून, गरम असतानाच कापडावर गोल थापून आमच्याकडे उन्हाळ्यात हे पापड करतात. प्रत्येक गच्चीवर ते पसरलेले असतात. आमच्याही असतात.

दुपारी जळगाव बंद असतं. बारा वाजले की दारं लावून, कूलर लावून सगळी कॉलनी आडवी होते, मीही होते. त्या दिवशी झोपल्याचं सोंग केलं. थोड्या वेळानं मागचं दार वाजलं. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर वहिनी. गुडघे दुखतात म्हणून जी देवळाच्या पायऱ्या चढत नाही, ती माझ्या तंबूची शिडी चढत होती, त्या उन्हात, डोक्यावर पदर, काखेत जुन्या पांढऱ्या लुगड्याची घडी. लुगडं तिनं अख्ख्या पॅनलवर पसरलं, कोपरे ओढून नीट केले. मग खाली उतरून ताट घेऊन पुन्हा चढली आणि सकाळी थापलेल्या ओल्या बिबड्या त्यावर मांडायला लागली.

मी बाहेर धावले. चप्पल घालायचीही शुद्ध नव्हती. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. समोरच्या घरातली खिडकी उघडली एवढं आठवतं. "गच्ची मेली का तुझी?" असंही विचारलं. वहिनी शिडीवरच थांबली होती.

"गच्चीवर कबुतरं घान करतस," ती म्हणाली.

"खोटं बोलू नको. रोज मी झोपले की येतेस. मी उठायच्या आत काढतेस. कबुतरांना माझी झोपायची वेळ माहितीये का?"

ती हळूहळू खाली उतरली. पाय पोळत होते म्हणून मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते, आणि ती शांत. तिनं आधी समोरच्या खिडकीकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे. भाऊ आत कूलरसमोर घोरत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "हा. मुद्दाम टाक्यात."

"का?"

"तू घरमा शे म्हनीसन त्या तोंड आवरतस. तू गयी, ते मी एकली."

'त्या' म्हणजे भाऊ, नवऱ्याला ती असंच म्हणते. आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती, घाम होता. मला वाटलं होतं ती माफी मागेल, किंवा भांडेल तरी. तिनं दोन्ही केलं नाही. सरळ जे होतं ते सांगितलं आणि लुगडं काढायला पुन्हा शिडी चढायला लागली. मी तिच्या हातातून ते ओढून घेतलं आणि स्वतः काढलं. राग गेला नव्हता. पण इतकी वर्षं जेवणाच्या ताटावर मी जे ओरडत होते, त्याच्या आडोशाला कुणी बसलेलं होतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. भाऊ ताट फेकायचा थांबला तो वयानं थांबला असं मी समजत होते. मनात हिशेब करून बघितला तर शेवटचं ताट फेकलं तेव्हा मी बहुतेक रात्री कारखान्यातून उशिरा, सगळ्यांची जेवणं झाल्यावर घरी यायचे.

संध्याकाळी जेवायला बसलो. भाऊ खुशीत होता. दलाल उद्या येणार होता.

"काय निघालं मग? कशानं बंद पडला?" त्यानं विचारलं.

वहिनी पोळी घेऊन उभी होती. तिचा हात त्याच्या ताटावर तसाच थांबला. मी एक वाक्य बोलले असते तर शर्त तिथल्या तिथे जिंकले असते. पुरावा स्वयंपाकघरात बिबड्यांच्या डब्यात भरून ठेवलेला होता.

"वायर सैल राहिली," मी म्हटलं. "माझीच."

"बघ! तरी म्हटलं होतं कामाच्या माणसाला हाकलू नको." त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "उद्या गाडी जाईल."

"गाडी साक्रीला जाईल," मी म्हटलं. "तुझी शर्त घाल चुलीत."

मग जे झालं ते साऱ्या कॉलनीनं ऐकलं. तो म्हणाला, डोकं फिरलंय. मी म्हटलं, घराण्यातच आहे. तो म्हणाला, परत आलीस तर दार उघडणार नाही. मी म्हटलं, अर्धं दार माझं आहे, तेवढ्यातून येईन. माझा आवाज बसला तेव्हा कुठे थांबलो. वहिनी पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभी होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. कारण मी जाणार होते. तिचं ऐकूनही जाणार होते. मला त्याची लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून आणखी राग येत होता, तिचाच.

रात्रभर घरच्या लाइटवर बॅटरी भरून, सकाळी फ्रिज गार करून, आत खरं इन्सुलिन ठेवून मी गाडी सुरू केली. भाऊ बनियनवर फाटकात येऊन उभा राहिला. हाताची घडी घालून, अगदी मधोमध.

मी हॉर्न दिला. तो हलला नाही. पुन्हा दिला. "घाल अंगावर," तो ओरडला. "घाल ना! दिखाड लोकेसले!" दाखव म्हणे लोकांना; रागानं त्याचीही गावची बोली बाहेर आली होती. शेजारचे ओट्यांवर जमा झाले होते. कुणी मध्ये पडत नव्हतं.

मागून वहिनी आली. हात पिठाचे होते. ती त्याच्या बाजूनं गेली, फाटकाची कडी काढली, एक फळी ओढली, मग दुसरी. मग त्याच्यासमोर येऊन, सगळ्यांच्या देखत, म्हणाली, "सरका. गाडी जाऊ द्या."

एवढ्या वर्षांत तिनं त्याला "सरका" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानंही ऐकलं नसावं, कारण तो खरोखर सरकला. आश्चर्यानंच सरकला. तो भानावर यायच्या आत मी बाहेर निघाले. मला आनंद झाला पाहिजे होता. मला भीती वाटत होती. तिनं माझ्यासाठी फाटक उघडलं होतं आणि ते लावून आत तिलाच जायचं होतं.

धुळ्यापर्यंत मी दोनदा गाडी बाजूला घेतली. परत वळावं असं वाटलं आणि वळले नाही. साक्रीच्या पुढे एका शेतकऱ्याच्या बांधावर, विचारून, मुक्काम केला. झाकण वर गेलं, दांड्यांनी वजन धरलं, फ्रिज मंद घुमत होता. थर्मामीटर बघून सुई घेतली. सगळं जसं हवं तसं चाललं होतं, आणि जेवतानाही माझं लक्ष घरच्या जेवणाच्या वेळेकडे होतं. दिवेलागणीला घरी फोन लावला.

वहिनीनंच उचलला. मागे ताटांचा आवाज होता. भावाचा सूर चढायला लागला होता, भाजीवरून असावा.

"गार ऱ्हायनं का?" तिनं विचारलं.

"राहिलं. वहिनी, तो काय म्हणाला तुला? मी निघाल्यावर?"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि तिचा आवाज एकदम लांबून, पण मोठ्यानं आला. "स्पीकरवर ठेयेल शे. बोल."

मागचा सूर अर्ध्यावर थांबला.

"काय बोलू?" मी म्हटलं.

"काहीबी बोल. त्या जेवायला बठेल शेतस. रोज याच वखतले फोन कर, नि बोलत ऱ्हाय."

मी घसा साफ केला. "भाऊ," मी ओरडले, माळावरची बकरी दचकावी इतक्या मोठ्यानं, "ऐक. पॅनल कसं चाललंय ते सांगते." ताट आपटल्याचा आवाज आला नाही. मग मी त्याला बोल्टांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं, त्याचं जेवण होईपर्यंत.